जुन्या लढाऊ जेटला हवेत आग लागली तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरूळला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी विमानवेड्यांचा अड्डा भरतो. ठाण्याहून, खारघरहून, एक जण तर बदलापूरहून येतो. मी तिथला म्हातारा फिटर. आधी हवाई दलात इंजिनांवर काम केलं, मग सांताक्रूझच्या हँगरमध्ये निवृत्तीपर्यंत. परदेशात हौशी श्रीमंत लोक जुनी लढाऊ जेट विकत घेऊन उडवतात, त्याचे व्हिडिओ पाहून मंडळी पेटतात आणि दर वेळी तेच प्रश्न येतात. उत्तरं देऊन घसा बसतो, म्हणून हे पान. पायलट मी नाही. विमान खालून, पोटाकडून पाहिलेला माणूस आहे, तेव्हा उत्तरंही त्याच बाजूने येणार.

व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हिडिओत जेटच्या मागून ज्वाळा निघतायत. आगच ना ही?

बहुतेक वेळा नाही. तो आफ्टरबर्नर असतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम झोतात आणखी इंधन फवारून पेटवायचं, म्हणजे जोर वाढतो. जेट इंजिन ही मुळात कोंडून ठेवलेली आगच आहे. ज्वलनकक्षाच्या मधोमध तापमान २,००० अंशांच्या आसपास असतं, आणि भिंतींचा धातू तगतो तो निव्वळ त्यांच्यालगत वाहणाऱ्या तुलनेने थंड हवेमुळे. तेव्हा 'ज्वाळा दिसतायत का' एवढ्यावर जाऊ नका, 'कुठून दिसतायत' ते बघा. शेपटीच्या नळीतून सरळ मागे जात असतील तर सहसा ठीक. पोटातून, कुशीतून, पंखाच्या मुळातून निघत असतील तर पायलटला ते आधी कळलेलं असावं अशी प्रार्थना करा.

खासगी माणसाकडे लढाऊ विमान असू शकतं? आपल्याकडे कुणाकडे आहे का?

अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, युरोपात, दक्षिण आफ्रिकेत असू शकतं. तोफा-क्षेपणास्त्रं काढलेली असतात. अमेरिकेत अशी विमानं 'एक्स्पेरिमेंटल एक्झिबिशन' या वर्गात नोंदवतात, ब्रिटनमध्ये 'परमिट टू फ्लाय'वर उडतात. दोन्हींचा अर्थ एकच: प्रवासी विमानाला असतं तसं पूर्ण प्रमाणपत्र याला नाही, आणि आत बसणाऱ्याने ते समजून बसायचं. सगळ्यात जास्त दिसतं ते चेकोस्लोव्हाकियाचं एल-३९ अल्बाट्रॉस. पहिलं उड्डाण नोव्हेंबर १९६८ मधलं. दोन सीटचं, सरळ स्वभावाचं ट्रेनर. त्याखेरीज व्हँपायर, हंटर, जेट प्रोव्होस्ट, टी-३३, मिग-१५, मिग-१७. व्हँपायर आणि हंटर ही नावं आपल्या घरातलीच. १९४८ साली आलेलं व्हँपायर हे भारतीय हवाई दलाचं पहिलं जेट.

भारतात मात्र हा छंद नाहीच म्हणा. जुनी विमानं उडती ठेवण्याचं काम हवाई दलाची व्हिंटेज फ्लाइट करते, टायगर मॉथ, हार्वर्ड, डकोटा वगैरे, आणि ती पंख्याची विमानं. १९३४ च्या कायद्याच्या जागी आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आलाय, पण त्यामुळे घोडबंदर रोडच्या एखाद्या बिल्डरला मिग उडवता येईल असं कुणी समजू नये.

आग नेमकी लागते कुठून?

या प्रश्नावर मी तासभर बोलतो, इथे आवरतं घेतो.

पहिला संशयित इंधन. एटीएफ म्हणजे घासलेटाचाच सभ्य भाऊ. उघड्या डबक्यात काडी टाकली तर पेट्रोलसारखं भडकत नाही, त्याला किमान ३८ अंशांपर्यंत तापावं लागतं. पण पाइपाच्या जोडातून दाबाने बारीक फवारा सुटला की सगळी सभ्यता संपते. तो फवारा पुरेशा तापलेल्या धातूवर पडला तर ठिणगीसुद्धा लागत नाही, आपोआप पेटतो. आणि इंजिनाच्या मागच्या भागात तापलेल्या धातूची काय कमी!

दुसरा, हायड्रॉलिक तेल. हे लोकांच्या लक्षातच येत नाही. आजच्या प्रवासी विमानात जांभळं तेल असतं, ते सहजी पेट घेत नाही. जुन्या लढाऊ विमानांत लाल तेल. आम्ही त्याला ओएम-१५ म्हणायचो, रशियन विमानांत त्याचा चुलतभाऊ एएमजी-१०. खनिज तेल ते, चांगलं जळतं. आणि ते धावतं २०० बारच्या आसपासच्या दाबाने. सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी फवारा मीटरभर जातो. विमानाच्या पोटाखाली लाल थेंब दिसला की आमचा फ्लाइट सार्जंट चहाचा कप खाली ठेवायचा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

तिसरी गरम हवा. कॉम्प्रेसरमधून काढलेली काही शे अंशांची हवा कॉकपिट गरम करायला आणि दाब राखायला पाइपांतून फिरवलेली असते. तिचा एखादा क्लॅम्प सैल झाला की शेजारची वायर भाजते. त्या वायरच्या शेजारी इंधनाची नळी असते, कारण लढाऊ विमानात प्रत्येक गोष्टीच्या शेजारी इंधनाची नळी असते. विरारच्या लोकलमध्ये माणसं उभी असतात तशी.

मग बॅटरी, जुन्या वायरिंगची तडकलेली वेष्टनं, ज्वलनकक्षाच्या पत्र्याला गेलेला तडा, तुटलेलं टर्बाइनचं पातं. आणि ऑक्सिजन. पायलटच्या मास्कला जाणाऱ्या ऑक्सिजनच्या जोडावर ग्रीसचं बोट लागलं तरी भडका उडू शकतो. आम्हाला त्या कामाआधी साबणाने हात धुवायला लावत. नवीन पोरं हसायची.

म्हणजे विमान जुनं असतं म्हणून आग लागते?

पत्रा म्हातारा होतो त्याच्या आधी रबर म्हातारं होतं. ओ-रिंग, सील, होज, इंधनाच्या रबरी पिशव्या. आणि खासगी विमानाचा मोठा रोग म्हणजे ते उभं राहतं. हवाई दलात एखादं जेट आठवड्यात अनेकदा उडायचं, तेल फिरायचं, सील ओले राहायचे. हौशी मालकाचं विमान महिनोन्‌महिने हँगरमध्ये असतं. सील सुकून आक्रसतात, जोडांत ओल शिरते, नळ्यांच्या तोंडात गांधीलमाश्या घर करतात. एअर शोचा मोसम आला की कव्हर काढून स्टार्ट! गावी वर्षभर बंद असलेल्या घराचा नळ पहिल्यांदा सोडल्यावर काय होतं ते आठवा.

दुसरी गोष्ट माणसांची. एका जेटमागे हवाई दलात अख्खी फौज असते. इंजिनवाला वेगळा, एअरफ्रेमवाला वेगळा, इलेक्ट्रिकलवाला, इन्स्ट्रुमेंटवाला, सीटवाला वेगळा, आणि प्रत्येकाची सही एफ-७०० मध्ये, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या वहीत. कारखान्याकडून दुरुस्तीच्या सूचना येत असतात. खासगी मालकाकडे दोन-तीन मेकॅनिक, भाषांतरित मॅन्युअल, आणि ज्या कारखान्याने विमान बनवलं तो कधीच बंद पडलेला. काही मालक अप्रतिम काळजी घेतात. हवाई दलापेक्षाही चकचकीत विमानं मी पाहिलीत. पण चकाकी बाहेरून असते आणि नळ्या आतून.

पायलटला कळतं कसं?

समोर लाल दिवा लागतो. रशियन वळणाच्या विमानांत त्यावर 'पोझार' लिहिलेलं असतं, म्हणजे आग. दिव्यामागे इंजिनाभोवती गुंडाळलेली एक पेन्सिलहून बारीक पोलादी नळी असते, फायर वायर. तिच्या आत एक तार आणि मध्ये असा मसाला, की तो तापला की त्याचा विद्युतरोध पडतो आणि दिवा पेटतो. काही विमानांत याऐवजी ठिकठिकाणी तापमानाचे स्विच असतात.

दुखणं असं, की ही तार खोटंही बोलते. ओल गेली, कुठे घासली, जोड गंजला की दिवा. माझ्या उमेदवारीच्या काळात एका किरण ट्रेनरचा फायर लाइट टेकऑफनंतर लगेच लागला. शिकाऊ पोरगं एकटंच होतं. घाबरलं, पण शिकवल्याप्रमाणे थ्रॉटल मागे घेऊन, चक्कर मारून उतरलं. आम्ही पॅनेल उघडली. आग नाही, काजळी नाही. आदल्या दिवशी विमान धुतलं होतं आणि कनेक्टरमध्ये चमचाभर पाणी. कनेक्टर मीच बंद केला होता. त्या पोराने नंतर मला जिलेबी आणून दिली, आणि मला ती गिळवेना.

म्हणून पायलटला शिकवतात: दिवा हा आरोप आहे, पुरावा शोध. जेट पाइपचं तापमान चढतंय का? हायड्रॉलिकचा दाब पडतोय का? इंजिन थरथरतंय का? वळून बघ, मागे धुराची रेघ आहे का? स्वतःची शेपटी स्वतःला दिसत नाही, म्हणून टॉवरला विचार, शेजारच्या विमानाला विचार. आणि हे सगळं करायला वेळ काही सेकंदांचा.

आग खरी आहे हे कळलं. पुढे?

प्रत्येक विमानाची कवायत वेगळी आणि ती त्याच्या पुस्तकातूनच शिकायची. हे वाचून कुणी स्वतःला तयार समजू नये. पण साधारण क्रम असा.

थ्रॉटल मागे. जोर कमी केला की इंधनाचा दाब आणि उष्णता दोन्ही उतरतात. दिवा गेला का ते बघायचं. गेला तर हुरळून न जाता टेस्टचं बटण दाबायचं. टेस्टला दिवा लागला तर तार शाबूत आहे, लक्षण चांगलं. टेस्टलाही लागला नाही, तर दिवा विझला तो आग विझल्यामुळे नव्हे, आगीने तारच खाल्ल्यामुळे असू शकतो. ही गोष्ट मी अड्ड्यावर सांगतो तेव्हा हॉल गप्प होतो.

दिवा गेला नाही आणि दुसरी खूणही मिळाली, तर इंजिन बंद. नुसतं थ्रॉटलने नाही, इंधनाचा मुख्य कॉक बंद, बूस्टर पंप बंद, म्हणजे फुटक्या नळीला माल पोचणं थांबेल. बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू करायचा मोह टाळायचा. मग खाली उतरण्याइतकी उंची आणि जागा असेल तर तसं, नाहीतर विमान सोडायचं.

वेळ का नसतो, तेही सांगतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण ताकद त्याच्या कितीतरी आधी सोडतं. इंधनाच्या ज्वाळा १,००० अंशांच्या घरात. आणि शेपटीचे कंट्रोल रॉड, हायड्रॉलिकच्या नळ्या या सगळ्या इंजिनाच्या कुशीतूनच मागे जातात. आग पायलटपर्यंत पोचायची गरज नाही, ती कांडी हलणं बंद झालं की खेळ संपला. म्हणून जाणते पायलट आगीबद्दलचा निर्णय आग लागल्यावर घेत नाहीत. 'या उंचीच्या खाली लाल दिवा लागला आणि धूर दिसला तर मी विचार न करता बाहेर' हे ब्रीफिंगमध्ये, जमिनीवर, चहा पिताना ठरलेलं असतं. हवेत फक्त अंमलबजावणी.

विमानात आग विझवायचं काहीच नसतं का?

काहींत असतं, अनेक एक-इंजिनी जेटमध्ये नसतं किंवा काढून टाकलेलं असतं. असलं तरी बाटली एक, वार एक. जुन्या ब्रिटिश विमानांत मिथाइल ब्रोमाइड वापरत, ते माणसालाही विषारी. पुढे हॅलॉन आलं, उत्तम काम करतं, पण ओझोनमुळे त्याचं उत्पादन प्रगत देशांत १९९४ मध्ये थांबलं. आता जुन्या साठ्यावर भागवतात. शिवाय नळी फुटलेलीच असेल तर विझवलेली आग गरम धातूवर पुन्हा धरते. म्हणून आधी इंधन तोडणं, मग बाटली.

वेग वाढवून आग फुंकून टाकता येत नाही का, मेणबत्तीसारखी?

हा प्रश्न ठाण्याच्या एका आजोबांचा, आणि तो वेडगळ नाही. लहान पंख्याच्या विमानांच्या काही कवायतींत इंजिन बंद करून वेगाने खाली जाऊन ज्वाळा विझवायचा सल्ला खरंच आहे. जेटमध्ये आग बहुधा पत्र्याच्या आत, वाऱ्याच्या आडोशाला असते. वेग वाढवणं म्हणजे तिला भात्याने हवा घालणं.

इंजिन बंद केलं की विमान दगडासारखं पडतं ना?

नाही. तरंगत उतरतं. समजा एखादं ट्रेनर दर एक मीटर उंची खर्चून दहा मीटर पुढे जातं. १,००० मीटरवर ठाणे स्टेशनच्या डोक्यावर इंजिन बंद पडलं, तर सरळ रेषेत कोपरखैरण्यापर्यंत पोचाल. वाशी नाही. आणि वळलात तर त्याहूनही कमी. या गणितात हवा, वारा, चाकं खाली सोडल्यावरचा अडथळा काहीच धरलेलं नाही. मिग किंवा हंटरसारख्या मागे झुकलेल्या पंखांच्या विमानाला उतरायला वेग खूप लागतो, त्यामुळे इंजिनाविना शेतात उतरणं हा विचारच सोडून द्यायचा.

कॉकपिटमध्ये धूर शिरला तर?

मास्क तोंडावर घट्ट, ऑक्सिजन १०० टक्के. मग वीज तोडायची किंवा गरम हवेचा मार्ग बंद करायचा, धूर कशाचा वाटतोय त्यावर. जळक्या वायरचा वास आणि जळक्या तेलाचा वास वेगळा असतो. एकदा नाकात गेला की जन्मभर ओळखता येतो. आजही लोकलमध्ये ब्रेकचा वास आला की मी उठून बसतो.

इजेक्शन सीट आहे ना? मग भीती कसली?

इथे मी थोडा कडक होतो, माफ करा.

इजेक्शन सीट ही खुर्ची नाही, खुर्चीच्या आकाराची तोफ आहे. ब्रिटनच्या मार्टिन-बेकर कंपनीने जुलै १९४६ मध्ये आपल्या सीटने पहिल्यांदा जिवंत माणूस असा विमानाबाहेर उडवला, आणि त्यानंतर त्यांच्या सीटनी हजारो जीव वाचवलेत. पण सीट चालते ती दारूच्या कार्ट्रिजवर, आणि कार्ट्रिजला तारीख असते, औषधाच्या गोळीसारखी. साठवणीची वेगळी, बसवल्यानंतरची वेगळी. हवाई दलात तारीख संपली की बदलायचंच, वाद नाही. खासगी मालकाला पन्नास वर्षं जुन्या सीटची ताजी कार्ट्रिज मिळवणं कठीण आणि महाग. म्हणून परदेशात अनेक खासगी जेटमध्ये सीट निकामी करून ठेवलेली असते. 'कोल्ड सीट' म्हणतात. दिसायला तीच, हँडल तेच, ओढलं तर काही होत नाही. मग बाहेर पडायचं ते कॅनॉपी, म्हणजे डोक्यावरचं काचेचं झाकण, उडवून, पट्टे सोडून, स्वतःच्या हातापायांनी, पॅराशूट पाठीला बांधून. जेटच्या वेगात.

सीट जिवंत असली तरी तिच्या मर्यादा असतात. एल-३९ ची सीट अगदी जमिनीलगतही काम करते, पण विमानाचा वेग ताशी किमान १५० किलोमीटर हवा. त्याहून जुन्या कित्येक सीटना उंचीही लागते. विमान उलटं असेल, नाक खाली असेल तर हिशोब आणखी बिघडतो. बाहेर फेकलं जाताना शरीराच्या वजनाच्या बारा-पंधरा पट किंवा त्याहून जास्त झटका बसतो. मणक्याला इजा होणं नवलाचं नाही. मान वाकलेली, पाठ बाकदार ठेवून बसलात तर नक्कीच.

याचं खरं उदाहरण आहे?

आहे. १४ नोव्हेंबर २००९, दक्षिण आफ्रिकेतला ओव्हरबर्ग हवाई तळ. विमान इंग्लिश इलेक्ट्रिक लाइटनिंग, दोन सीटचं टी-५. केप टाउनच्या थंडर सिटी या कंपनीचं. ही कंपनी अशी जुनी जेट बाळगायची आणि पैसे घेऊन लोकांना सैरही घडवायची. त्या दिवशी एअर शोमध्ये पायलट एकटा होता. हवेत मागच्या भागात आग लागली, हायड्रॉलिक गेलं, विमान हाताबाहेर जाऊ लागलं. त्याने इजेक्ट करतोय असं रेडिओवर सांगितलं, आणि मग सांगितलं की सीट चालत नाही. विमान कोसळलं, तो गेला.

लाइटनिंगबद्दल फिटर लोक हळहळतात, कारण विमान देखणं होतं आणि आगीसाठी बदनाम होतं. त्याची दोन इंजिनं शेजारी-शेजारी नाहीत, एकावर एक. वरून कुठे इंधन ठिबकलं की खालच्या गरम नळीवर. ब्रिटिश हवाई दलाने ते १९८८ पर्यंत वापरलं, आगीत बरीच गमावली, आणि आगी रोखायला खास दुरुस्ती मोहीम राबवावी लागली. ज्या विमानाला अख्ख्या हवाई दलाने एवढं जपावं लागलं, ते नंतर खासगी हातांत उडत होतं. हे वाक्य मी दोष द्यायला लिहीत नाही. ते विमान माझ्या दारात आणून उभं केलं असतं तर मीही त्याच्या पोटाखाली शिरलो असतो.

सॅक्रामेंटो आणि शोरहॅमसुद्धा हवेतल्या आगीचेच अपघात ना?

नाही, फॉरवर्डमध्ये सगळी सरमिसळ करतात. सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया, सप्टेंबर १९७२: खासगी सेबर जेटचं नाक टेकऑफला जास्त उचललं गेलं, ते उडालंच नाही, रस्ता ओलांडून आइस्क्रीम पार्लरमध्ये घुसलं. २२ माणसं गेली, त्यांत १२ मुलं. शोरहॅम, इंग्लंड, २२ ऑगस्ट २०१५: हंटर गिरकीतून बाहेर यायला पुरेशी उंची नव्हती, रस्त्यावर कोसळलं, खालची ११ माणसं गेली. दोन्हीकडे भडका उडाला, पण पडल्यावर. हवेतली आग हा वेगळा विषय. मरणाऱ्यांना मात्र तो फरक नसतो, आणि ब्रिटनने एअर शोचे नियम आवळले ते शोरहॅमनंतर.

काका, आम्ही मे महिन्यात युरोपला जातोय. मुलाने एल-३९ ची राइड बुक केलीय. काय विचारू?

आधी मुलाला विचारा, पैसे परत मिळतात का. गंमत केली. खरं सांगायचं तर तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली: सीट जिवंत की थंड? जिवंत असेल तर कार्ट्रिजच्या तारखा दाखवता का? थंड असेल तर पॅराशूट असेल का आणि बाहेर पडायचा सराव जमिनीवर करून घेता का? उत्तर देताना माणूस चिडला, तर तेच उत्तर. दुसरी: पायलटचं ब्रीफिंग किती वेळाचं? हेल्मेट चढवून फोटो काढून पाच मिनिटांत वर नेणाऱ्यांपासून लांब राहा. आग लागली तर कोण काय बोलणार, कुठल्या शब्दावर तुमच्या मुलाने काय करायचं, हे त्याला घोकून घ्यायला लावलं पाहिजे. तिसरी: गेल्या वर्षभरात विमान किती वेळा उडालं?

कपडे हा विषय बायकांना कळतो, पुरुषांना नाही. पॉलिस्टर, नायलॉन, लायक्रा काही नको, आतलेसुद्धा. उष्णतेने ते वितळून कातडीला चिकटतं. साधा सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, सुती पँट, सुती मोजे, चामड्याचे बूट. कंपनी नोमेक्सचा फ्लाइट सूट देते, तो आगीत टिकतो, पण त्याच्या आत नायलॉनचा चकचकीत क्रिकेट टी-शर्ट घालून बसलात तर अर्धा फायदा गेला. हातमोजे काढून फोटो काढायचे नाहीत. डोकं सीटला टेकलेलं, पाठ सरळ. वजनाची मर्यादा विचारा, सीटला ती असते. खोटं वजन सांगू नका, इथे लाजून भागत नाही.

प्रवास विमा यात चालतो का?

बहुतेक साध्या पॉलिसींत नियमित विमान कंपनीच्या प्रवाशापलीकडचं उड्डाण वगळलेलं असतं. 'वगळलेल्या बाबी'चं पान एजंटला वाचून दाखवायला सांगा आणि लेखी घ्या.

नवी मुंबई विमानतळ झालाय. आता इथे अशी जेट येतील का? आमच्या उलव्याच्या बिल्डिंगवरून?

घाबरू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या धावपट्टीवर पहिल्यांदा हवाई दलाचं सी-२९५ उतरलं आणि सुखोईने वरून झेप घेतली, तेव्हा आम्ही अर्धी मंडळी दुर्बिणी घेऊन बाहेर होतो. पण ते हवाई दल. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली. हा व्यापारी विमानतळ आहे, हौशी लोकांचा क्लब नाही.

शिवाय शेजारी आपली खाडी. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासूनचं, २०२२ पासून रामसर स्थळ. आजच्या प्रवासी विमानाच्या इंजिनाची, पक्षी गिळला तर काय होईल, याची चाचणी झालेली असते. पन्नाशीतल्या जेटला ती परीक्षा कुणी तशी दिली नव्हती. पातं तुटलं, तुकडा इंधनाच्या नळीत गेला की वरच्या सगळ्या उत्तरांची उजळणी. रोहित पक्ष्यांच्या बाजूनेही विचार करा, त्यांचं तर काहीच चुकलेलं नसतं.

लष्करी जेट जवळपास पडलं, तर मदतीला धावायचं का?

धावा, पण ११२ लावून, आणि वारा आपल्या पाठीशी ठेवून. जळत्या लढाऊ विमानात पायलट वाचवायच्या नादात दुसराच जीव जातो. कॉकपिटच्या बाजूला लाल त्रिकोण दिसला तर आत न उडालेली सीट असू शकते. पिवळी-काळी किंवा लाल हँडल कशालाही लावलेली दिसोत, ओढायची नाहीत. कॅनॉपीच्या काचेत स्फोटकाची बारीक दोरी असू शकते. तापलेल्या चाकाच्या बाजूला उभं राहू नका, फुटलं तर तुकडे आडवे उडतात. चाकात मॅग्नेशियम असेल तर पाणी मारल्यावर ते आणखी भडकतं. जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असतो, त्या आठवण म्हणून उचलून घरी नेऊ नका. शेवटचं वाक्य हसण्यासाठी नाही. लोक नेतात.

विमानतळावर पडलं तर अग्निशमन दलाला धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला तीन मिनिटांत, शक्यतो दोनच मिनिटांत पोचायचं असतं, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. शेतात पडलं तर तुम्हीच पहिले.

माझ्या मुलीला हे काम शिकायचंय, पायलट नाही, मेकॅनिकचं. बाईमाणसाला जमेल?

आमच्या हँगरमध्ये शेवटच्या काही वर्षांत सगळ्यात नीट लॉकिंग वायर बांधणारी मुलगी होती. कळव्याची. जमेल.

तुम्ही स्वतः बसाल का अशा विमानात?

हा प्रश्न बायकोचा, अड्ड्यावर नाही, घरी विचारलेला.

बसेन. पण त्याआधी मला अर्धा तास एकट्याला विमानापाशी सोडावं लागेल. कॉकपिटकडे मी बघणारच नाही. गुडघे दुखले तरी पोटाखाली आडवा होईन, बॅटरी पाजळीन, पॅनेलच्या कडांवरून बोट फिरवीन, बोट नाकाशी नेऊन वास घेईन. खाली ठेवलेला ड्रिप ट्रे कधी पुसलाय ते विचारीन. आत्ताच पुसला असेल तर का पुसला तेही विचारीन. पॅनेलच्या कडेला एक जरी लाल थेंब लोंबताना दिसला, तर विमानासोबत एक फोटो काढून, त्यांचा चहा पिऊन, हॉटेलवर परत येईन.